अडखळलहर

डोक्यावर चढवलेल्या शिरोजालातला एक संवेदक कानामागे रुतत होता, तरी डॉ. रेणुका मगदूम काही बोलली नाही. बोलली असती, तर काचेपलीकडून केतकी वाळिंबेने नक्की विचारलं असतं, "टोचतं का गं? दर वर्षी तुलाच कसं टोचतं?" एवढी संधीही तिला केतकीला द्यायची नव्हती.

कोल्हापूरजवळच्या पठारावरचं हे प्रवेशपरीक्षण केंद्र. चंद्रावरच्या सेरेनिटी वसाहतीत राहायला जायचं असेल तर रक्त, हाडं, फुप्फुसं यांच्या तपासण्या कुठेही करून मिळत. इंग्रजीची तपासणी मात्र इथेच, या एका खुर्चीत. डॉ. वाळिंबे केंद्राची प्रमुख आणि यंत्रही तिनेच बनवलेलं. शिवाय वैद्यकीय महाविद्यालयात ती रेणुकाच्याच वर्गात होती. दैवाला एखाद्यावर डूख धरायचा असला, की ते अशी बारीकसारीक तयारीसुद्धा विसरत नाही.

"तिसऱ्यांदा आलीस, मगदूम," ध्वनिवर्धकातून केतकीचा आवाज आला. "चिकाटी वाखाणण्यासारखी आहे. मराठी माध्यमाची चिकाटी. घोका आणि ओका."

"तुझं काम यंत्र चालवायचं आहे. ते चालव."

"चालवतेच. पण एक आधीच सांगते. घोकून अर्थ पाठ होतो, भाषा अंगात येत नाही. आणि माझं यंत्र अंगातलं मोजतं."

रेणुकाने डोळे मिटले. वाद घालायला ती इथे आली नव्हती. ती आली होती ती कोयनासाठी.

कोयना तिची मुलगी, वसाहतीत जन्मलेली. चंद्रावरचं वजन पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाइतकं, तिथे घडलेली हाडं इथे उभी राहू शकत नाहीत. कोयनाला पृथ्वीवर आणणं म्हणजे तिला मारणंच. रेणुका तिथे श्वसनरोगांची डॉक्टर होती, नवरा संग्राम हवापंपांवर तंत्रज्ञ. वडिलांच्या शेवटच्या आजारात रेणुका काही आठवड्यांसाठी खाली आली, आणि ती खाली असतानाच वर भाषेचा कायदा झाला. परतीचं दार बंद झालं. तेव्हा कोयना चार वर्षांची होती. आता सात पूर्ण झाली आहेत, आणि आईचा स्पर्श तिला आठवतो की नाही, हे विचारायचं धाडस रेणुकाला होत नाही.

कायद्याला निमित्त झालं ते एका अपघाताचं. पंपघरात नवी चाचणी चालू होती. ती फसतेय असं दिसल्यावर पाळीवरचा साहेब ओरडला, "पुल द प्लग!" त्याला म्हणायचं होतं, चाचणी थांबवा, सोडून द्या तो नाद. चिलीहून आलेल्या नव्या कामगाराने समोर दिसला तो हवानळीचा प्लग ओढला. अकरा माणसं गुदमरून गेली. त्यांतल्या चौघांचे डोळे रेणुकाने स्वतःच्या हातांनी मिटले होते. चौकशी समितीने ना साहेबाला विचारलं की आणीबाणीत अलंकार कशाला, ना कंपनीला विचारलं की प्लग उघड्यावर का. समितीने दोन शिफारशी केल्या. एक, इंग्रजी आतून कळत नाही अशा माणसाला यापुढे प्रवेश नाही. दोन, वसाहतीतल्या प्रत्येकाने कानात सुबोधक घालायचा. हे एक चिमुकलं यंत्र. कुणी इंग्रजी वाक्प्रचार किंवा म्हण वापरली, की ते ती अडवतं आणि त्याच आवाजात तिचा सरळ, सपाट अर्थ कानात सोडतं.

पहिल्या शिफारशीसाठी जगभर मोजण्याची पद्धत शोधली गेली, आणि ती सापडली केतकी वाळिंबेकडे.

"सुरू," केतकी म्हणाली.

कानात वाक्यं येऊ लागली. साधी, अलंकारिक, पुन्हा साधी. 'शी लेट द कॅट आउट ऑफ द बॅग.' तिने गुपित फोडलं. पहिल्या वर्षी हे वाक्य ऐकताना रेणुकाच्या डोळ्यांपुढे खरोखर पिशवी आली होती, पिशवीतून उडी मारणारं मांजर आलं होतं, आणि मग ते मांजर हाकलून देऊन अर्थ आत आला होता. या सगळ्याला अर्धा सेकंदही लागत नाही. पण मेंदूच्या त्या हाकलण्याची एक लहर उठते, आणि शिरोजाल तीच टिपतं. केतकीने तिला नाव दिलं होतं अडखळलहर. ज्याची भाषा जन्माची, त्याला मांजर दिसतच नाही. त्याला थेट गुपित ऐकू येतं. लहर सपाट राहते. सोंग करून ती सपाट करता येत नाही आणि सोंग करून उठवताही येत नाही.

आज रेणुकाला मांजर दिसलं नाही. 'बाइट द बुलेट.' गोळी दिसली नाही, नुसतं सोसणं कळलं. 'स्पिल द बीन्स.' शेंगा सांडल्या नाहीत, थेट गुपितच फुटलं. यामागे दोन वर्षं होती. पहिल्यांदा नापास झाल्यावर ती थेट गडहिंग्लजला तोडकर सरांकडे गेली होती. दहावीला तिने त्यांच्याच क्लासमध्ये 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' केलं होतं. सर आता थकले होते, पण जीभ तशीच. "अगं, इंग्रजी म्हणजे सासू," ते म्हणाले होते. "ती बोलते एक, तिच्या मनात असतं दुसरं. सुनेनं शब्द ऐकत बसायचं नाही, रोख ओळखायचा. आणि तो ओळखायला एकच उपाय, एकाच घरात नांदायचं." ती नांदली. इंग्रजीत जेवली, इंग्रजीत भांडली, इंग्रजीत आजारी पडली. एका पहाटे स्वप्नात तिला कुणीतरी इंग्रजी म्हण वापरून टोमणा मारला आणि तो तिला झोंबला, तेव्हा ती आनंदाने रडली होती.

वाक्यं थांबली. शिरोजालाचा दाब सैल झाला.

"मेळांक एकतीस," केतकी म्हणाली. "उत्तीर्ण व्हायला सत्तर लागतात. पहिल्या वर्षी एकसष्ट होता, गेल्या वर्षी अठ्ठेचाळीस. मगदूम, तू जितका अभ्यास करतेस तितकी खाली जातेस. दुसऱ्या कुणाला आपली पायरी समजली असती."

रेणुका खुर्चीतून उठली.

"मला आलेख दाखव."

"उमेदवारांना दाखवत नाहीत."

"उमेदवाराच्या डॉक्टरला दाखवतात, तुझाच नियम आहे. मी डॉक्टर आहे आणि उमेदवार माझी रुग्ण आहे. दाखव."

केतकीचे ओठ वाकडे झाले. तिने काचेचं दार उघडलं. "ये. बघ आणि समाधान करून घे. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या स्वागत समारंभात तू ते भाषण केलं होतंस, आठवतं? एका दमात सतरा इंग्रजी वाक्प्रचार. अख्खा वर्ग हसत होता."

"सगळ्यात मोठ्यानं तू."

"कारण सगळ्यात जास्त कळत होतं मला."

रेणुका पडद्याकडे वळली. तिला त्या हसण्याचा राग तेव्हाही आला होता आणि आत्ताही आला. पडद्यावर तिची रेघ उमटली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तळ्यातल्या पाण्यासारखी सपाट. एकाही वाक्प्रचारावर उंचवटा नाही.

"अडखळ कुठे आहे?" रेणुका म्हणाली. "बोट ठेवून दाखव. मी कुठे अडखळले?"

केतकीने रेघ मोठी केली, आणखी मोठी केली. तिच्या कपाळावर आठी पडली. "नाही अडखळलीस," ती नाइलाजाने म्हणाली. "ही रेघ... ही लंडनमध्ये जन्मलेल्याच्या रेघेसारखी स्वच्छ आहे."

"मग एकतीस कसे?"

"मेळांक म्हणजे तुझ्या अडखळीचं मोजमाप नव्हे. मेळांक म्हणजे मेळ. तुझी रेघ जन्मतः इंग्रजी बोलणाऱ्यांच्या रेघेवर ठेवायची आणि दोन्ही किती जुळतात ते बघायचं. मी एखादा आकडा ठरवून टाकला असता, तर उद्या कुणी म्हणालं असतं, हा वाळिंबेबाईंचा आकडा. म्हणून नमुना माणसांचा घेतला. दर वर्षी वसाहतीतल्या लोकांना वर अशाच खुर्चीत बसवतात, त्यांची सरासरी रेघ निघते आणि यंत्र ती आपोआप उचलतं. माझा हात लागत नाही. त्यालाच न्याय म्हणतात."

"ती रेघ बघितलीस कधी?"

रोजच्या स्वयंपाकाची चव घेणं आचारी सोडून देतो, तसं केतकीचं झालं होतं. कायदा झाला तेव्हा तिने ती रेघ बघितली होती, सपाट होती, मग बघायची गरज वाटली नव्हती.

"उघड ना!" रेणुका ओरडली.

केतकीने नमुन्याची रेघ उघडली.

ती सपाट नव्हती. प्रत्येक वाक्प्रचारावर तिला टेकाडासारखा उंचवटा होता. मांजराशी, गोळीशी, शेंगांशी, सगळीकडे. जन्मतः इंग्रजी बोलणारी माणसं आपल्याच भाषेत ठेचकाळत होती, आणि ठेचकाळून पुढेही जात नव्हती. कित्येक ठिकाणी उंचवटा उतरलाच नव्हता, म्हणजे अर्थ शेवटपर्यंत आत आलाच नव्हता.

"यंत्र बिघडलंय," केतकी म्हणाली.

"यंत्र ठीक आहे. नमुन्यात कोण कोण आहे ते सांग."

"कायद्याप्रमाणे. वसाहतीत जन्मतः इंग्रजी बोलणारे."

"पण जन्मलेले कुठे? वसाहतीत राहणारे आणि इंग्लंड-अमेरिकेत जन्मलेले ना?"

केतकीने कायद्याचा मजकूर समोर आणला आणि तो वाचताना तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. कायदा झाला तेव्हा तसंच होतं. काही महिन्यांतच कुणीतरी दुरुस्ती सुचवली, की पृथ्वीवरचे लोक नोकरी संपली की निघून जातात, खरे रहिवासी तिथेच जन्मलेले. तेव्हापासून नमुन्यात टप्प्याटप्प्याने फक्त वसाहतीत जन्मलेली माणसं उरली होती, त्यांची घरची भाषा कुठलीही असो. वसाहतीला अजून वीस वर्षंही झाली नव्हती. तिथे जन्मलेली माणसं म्हणजे मुलं.

"आणि मुलांच्या कानात सुबोधक," रेणुका खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाली. "अपघात झाल्यापासून. कित्येकांना नीट बोलता येऊ लागल्यापासून. तेव्हापासून त्यांनी एक वाक्प्रचार ऐकलेला नाही, केतकी. कानात शिरायच्या आधीच सपाट होऊन येतो. तुमच्या एका शिफारशीनं त्यांच्या भाषेतले अलंकार काढून घेतले आणि दुसरीनं आम्हाला सांगितलं, यांच्याइतके अलंकार कळले पाहिजेत."

"म्हणून तू खाली जातेयस," केतकी हळूच म्हणाली. तिला शास्त्र दिसत होतं, आणि शास्त्र दिसलं की ती माणूस विसरायची. "पहिल्या वर्षी तू अडखळत होतीस. नमुनाही थोडा अडखळायला लागला होता. तेव्हा सर्वांत जवळ होतीस. त्यानंतर तू एका दिशेनं गेलीस आणि नमुना उलट्या दिशेनं. आजच्या नमुन्यावर तुझी पहिल्या वर्षीची रेघ ठेवली तर..." तिने ठेवली. आकडा उमटला. एक्क्याण्णव.

"जुनी रेघ चालते?"

"नाही. परीक्षा त्या वर्षीच्या रेघेवर."

"मग मी काय करू? विसरू? कसं विसरू?"

"नाही विसरता येणार. पोहायला आलं की आलं." केतकीने मान वर केली आणि तिच्या तोंडावर ती कॉलेजातली जुनी रेघ उमटली, हसण्याच्या अलीकडची. "खरं सांगू, मगदूम? नमुन्यात मोजून चाळीस मुलं आहेत. त्यांत कोयना संग्राम मगदूम हे नाव आहे. तुला मी बाद केलेलं नाही. तुझ्या मुलीच्या डोक्यानं तुला बाद केलंय."

रेणुकाचा हात उठला होता. तो केतकीच्या गालाऐवजी खुर्चीवरच्या शिरोजालावर गेला. तिने ते उचलून केतकीपुढे धरलं.

"बस."

"काय?"

"केंद्रातल्या परीक्षकालाही सत्तर लागतात, हेही तुझ्याच नियमात आहे. दर वर्षी परीक्षा द्यायची असते. कधी दिलीस शेवटची?"

"मला काय गरज? माझं शिक्षण—"

"बस म्हणते ना. नाहीतर हा आलेख मी आत्ता वर पाठवते आणि विचारते, की तुमच्या परीक्षक बाईंचा मेळांक किती."

केतकी बसली, कारण तिला स्वतःच्या इंग्रजीचा अभिमान होता आणि अभिमानी माणसाला आव्हान नाकारता येत नाही. नर्सरीपासून इंग्रजी शाळा, घरात इंग्रजी, आजीशीसुद्धा इंग्रजी, त्यामुळे ती आजी शेवटची काही वर्षं नातीशी जवळजवळ बोललीच नव्हती. वाक्यं वाजली. रेणुकाने कळ दाबली.

मेळांक बावीस. रेघ रेणुकाच्या रेघेहूनही सपाट.

रेणुकाला आनंद व्हायला हवा होता. झालाही. थोडा आणि आंबट.

"कुणाला दाखवणार आहेस?" केतकीने विचारलं.

"अजून ठरवलं नाही."

परीक्षेनंतर उमेदवाराला वर घरच्यांशी दहा मिनिटं बोलू देत, निकाल सांगण्यापुरतं. कायद्याने परीक्षकाने खोलीत हजर राहायचं. केतकी एका कडेला भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या हाताशी संपर्क तोडायची कळ होती. पडद्यावर कोयना आली. केस हलक्या गुरुत्वाकर्षणात उभे, वरचा एक दात पडलेला. बोललेलं वर पोचून उत्तर यायला अडीच सेकंद लागत, आणि त्या अडीच सेकंदांत रेणुका दर वेळी तिचा चेहरा पाठ करून घ्यायची.

"आई, पास झालीस? बाबा म्हणाला, या वेळी नक्की होणार. मी खेळण्यांचा कप्पा रिकामा केलाय तुझ्या कपड्यांसाठी."

कोयनाचं मराठी बापाकडून आलेलं होतं, थोडं कोल्हापुरी, थोडं अंतराळी. घरी ती मराठीच बोलायची. ते ऐकताना रेणुकाच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. पृथ्वीहून जाणारं इंग्रजी वाक्य वाटेतच सुबोधकातून जातं. मराठी जात नाही. सुबोधकाला मराठी येतच नाही.

"नाही झाले गं," ती म्हणाली. "पण तुला एक गंमत सांगते. तुमच्या शाळेत इंग्रजीत बोलतात ना, त्या इंग्रजीत फार जुन्या गमती लपवलेल्या होत्या. कुणी गुपित फोडलं ना, तर इंग्रज लोक म्हणायचे, हिनं मांजर पिशवीतून बाहेर काढलं."

केतकी भिंतीपासून सरळ झाली.

अडीच सेकंद गेले. मग कोयनाच्या तोंडाचा चंबू झाला आणि ती खिदळायला लागली. "मांजर? पिशवीत? कशाला?"

"कशाला ते सोड. कॅट, बॅग, आउट. लाव बघू तुझं तू, आणि वाक्यात उपयोग कर."

कोयनाने वाक्य लावलं. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा जमलं. "माझ्या वर्गातल्या बेल्लाला बाबाच्या केकचं गुपित माहीत होतं आणि तिने मांजर बाहेर काढलं, असं?"

"अगदी असं. आणि बेल्लाच्या कानात सुबोधक असतो तेव्हा तिला हे ऐकू येणार नाही. सगळे तो कधी काढता?"

"खेळायच्या खोलीत. टोचतो तो. बाई ओरडतात, पण काढतो."

"मग तिथेच सांग."

केतकी दोन पावलं पुढे आली. पडद्यावर दिसणार नाही अशा बेताने तिने रेणुकाचा दंड धरला आणि दातांवर दात ठेवून कुजबुजली, "काय करतेयस तू, कळतंय का? ती वसाहत अलंकार काढून सुरक्षित केलीय. ही मुलं मोठी होतील, पंपघरात जातील, आणि एकानं जरी सुबोधक काढून हौसेनं काही म्हटलं, तर? अकरा माणसं विसरलीस? तू तिथे होतीस!"

"होते," रेणुका तितक्याच हळू म्हणाली. "त्यांचे डोळे मी मिटलेत, तू नव्हेस. मला कोयनाला भेटायचंय. पुन्हा तसं झालं, तर पाप माझं. पण मी थांबणार नाही. तोडायचाय तर तोड संपर्क."

केतकीचं बोट कळीवर गेलं. रेणुकाने तिच्याकडे बघितलं नाही, ती कोयनाकडे बघत होती. कोयना दाताच्या खिंडीतून जीभ बाहेर काढून नवं वाक्य जुळवत होती.

बोट कळीवरच राहिलं. चाळीस मुलांची सरासरी. त्यातली एक शिकली की सरासरी किती सरकते, दहा शिकली की किती, आणि बावीसचे सत्तर व्हायला किती मुलं लागतील, हे केतकी वाळिंबेइतकं नेमकं जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आणखी सांग ना, आई! शंभर सांग!"

रेणुकाने तोंड उघडलं. तेवढ्यात केतकीने कळीवरचं बोट उचललं आणि खुर्ची ओढून पडद्याच्या बाहेर, पण ऐकू येईल इतक्या अंतरावर बसली.

"शंभर नको," ती रेणुकाकडे न बघता म्हणाली. आवाजात मैत्री नावालाही नव्हती. "महिन्याला दोन. नाहीतर उंचवटे एकदम खाली येतील आणि वर कुणीतरी विचारेल, की मुलांना हे शिकवतंय कोण."